मुठीच्या आत

आधी लेबल.
परजेवरच्या गरुडाच्या पंजात जे आहे
ते इथं झाकावं लागतं, कायदाच आहे.
माझ्याकडे किमतीची गोल पिवळी लेबलं असतात,
त्यातलंच एक लावते. बरोब्बर बसतं.

वीबके टाडेन एम्डनहून झोलिंगनला आली,
दोनदा गाडी बदलून,
खंजीर भांडी पुसायच्या फडक्यात,
फडक्यावर निळ्या बदकांची रांग.
"आजोबांचा," म्हणाली. "फौजेच्या बेकरीत होते ते.
पाव भाजायचे."
मी हातमोजे चढवले.

मूठ सेल्युलॉइडची, एकेकाळी पांढरी,
आता एका अंगानं जुन्या मधासारखी
आणि दुसऱ्या अंगानं अजून दाताच्या रंगाची.
भिंतीवर होता का?
हो, जिन्यात. समोर खिडकी.
नकली मुठी चहूकडून सारख्याच पिकतात,
चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या.

म्यान कडीखाली झिजलंय.
लटकून झिजलंय, चालत्या मांडीवर, कित्येक महिने.
कानशीनं झिजवलेलं लगेच कळतं,
कानशीला घाई असते.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे.
या धंद्यात राहतात:
म्यान तेव्हाचं, पातं परवाचं,
आणि मधे कुणा निवृत्त मास्तराची पुंजी.
हे दोघं मात्र जोडीनं म्हातारे झालेले.

पातं दिव्याखाली तिरकं धरलं.
आडव्या रेघा, केसाहून बारीक,
अंगठ्याला कळतात, भिंगाला उशिरा.
या रेघा ओढायला माझे वडील चौदाव्या वर्षी बसले,
वुपर नदीच्या काठी, ओल्या दगडी चाकासमोर.
अठ्ठावन्नाव्या वर्षी खोकत गेले.
घरातली भाजीची सुरी कायम बोथट.
हे पातं त्यांच्या हातचं असेल का,
हा प्रश्न मी कुठल्याच पात्याला विचारत नाही.
विचारला, तर दुकान बंद करावं लागेल.

मुळाशी खारीचा शिक्का. ठसा खोल, कडा मऊ.
खरा आहे, मी म्हटलं. सोळा आणे.
तिला बरं वाटलं.
तिथंच थांबायला हवं होतं मी.

"पण बेकरीवाल्याला हा मिळत नसे," मी म्हटलं.
"हा अधिकाऱ्याचा. स्वतःच्या पगारातून घ्यायचा."
ती बदकांकडे बघत राहिली.
मग मी परज उलटी केली,
जी बाजू इतकी वर्षं भिंतीला तोंड लावून होती.
लेफ्टनंट हिन्रिक टाडेन यांस, सोबत्यांकडून.
रिगा, नोव्हेंबर १९४१.

मला त्या गावाचा तो महिना ठाऊक आहे.
मी काही बोलले नाही.
तिनं फोन काढला, वाचला,
पुन्हा वर सरकवून वाचला.
बाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं.

मुठीचा गोंडा उलट्या पिळानं सैल केला,
तपासणीचा तो शेवटचा भाग असतो.
आत, मूठ खुळखुळू नये म्हणून
कारागिरानं वर्तमानपत्राची घडी खुपसलेली.
नाचाच्या वर्गाची जाहिरात:
मंगळवारी आणि शुक्रवारी,
जोडीदार नसला तरी या.

"किती येतील?"
अकराशे युरो. नावासकट.
"नाव घासून टाकलं तर?"
चारशे, फार तर.
"तुम्ही घासून द्याल?"
नाही. घासायचं काम आमच्या घरात पुरेसं झालंय.

ती हसली नाही, रडलीही नाही.
"आणि या कागदाचे?" तिनं विचारलं.
त्याचे काही नाही.
तो तिनं पाकिटात ठेवला, तिकिटामागे.
खंजीर परत बदकांत गुंडाळला,
पातं आत आणि मूठ बाहेर,
जसा पाव धरतात काखेत.

ती गेल्यावर आठवलं,
लेबल काढायचं राहिलं.
त्यावर मी आकडा लिहिलाच नव्हता.